टेबलावर ॲनाफिलॅक्सिस: ट्रेमध्ये काय ठेवायचं आणि पहिल्या पाच मिनिटांत कोणी काय करायचं?

ओटी_इन्चार्ज_सिंहगडरोड

नमस्कार. सिंहगड रोडवर २५ खाटांचं सर्जिकल नर्सिंग होम आहे, दोन टेबलं. हर्निया, गॉलब्लॅडर, सिझेरियन, फ्रॅक्चर अशा केसेस होतात. भूलतज्ज्ञ बाहेरून येतात, आठवड्याला पाच-सहा वेगवेगळे. प्रत्येकाची बॅग वेगळी आणि सवयही वेगळी. म्हणून तीव्र ॲलर्जीच्या रिॲक्शनसाठी (ॲनाफिलॅक्सिससाठी) आमचा स्वतःचा एक ट्रे आणि भिंतीवर मराठीत एक तक्ता करायचा आहे. कोणतेही सर आले तरी सिस्टरांचं काम तेच राहील.

सध्याचा जुना तक्ता असा आहे: संशयित औषध थांबवा. एविल (ॲलर्जीविरोधी) आणि डेक्सा (स्टेरॉइड) द्या. हायड्रोकॉर्टिसोन १०० मिग्रॅ. सलाईन जोरात सोडा. बीपी ८० च्या खाली गेलं तर ॲड्रेनलिन. ट्रेमध्ये ॲड्रेनलिनचे २ अँप्यूल असतात.

हा क्रम बरोबर आहे का? ॲड्रेनलिन नेमकं किती पातळ करायचं? कुणी 'एकास दहा' म्हणतं, कुणी नुसतं 'अर्धा सीसी द्या' म्हणतं, आणि नवीन मुलींचा गोंधळ होतो. सेफ्ट्रिॲक्झोनची (अँटिबायोटिकची) टेस्ट डोस सगळ्यांना द्यायचीच का? आणि ट्रिप्टेझची (अशा रिॲक्शनमध्ये रक्तात वाढणाऱ्या द्रव्याची) तपासणी कधी, कोणत्या बल्बमध्ये पाठवायची?

भूलतज्ज्ञ_कोथरूड

सिस्टर, तक्त्याची शेवटची, ॲड्रेनलिनची ओळ पहिल्या जागी आणा. सगळ्यात महत्त्वाची दुरुस्ती तीच.

एविल फक्त हिस्टामिनचा एक रिसेप्टर अडवतं. मास्ट पेशींतून (ॲलर्जीत फुटणाऱ्या पेशींतून) हिस्टामिनबरोबर ल्युकोट्राइन आणि इतर बरंच काही बाहेर पडलेलं असतं, त्याला एविल हात लावत नाही आणि बीपीही वर आणत नाही. स्टेरॉइडचा परिणाम दिसायला तास जातात. ॲड्रेनलिन रक्तवाहिन्या आवळतं, हृदयाला जोर देतं, श्वासनलिका उघडतं आणि मास्ट पेशींतून पुढचा स्राव रोखतं. ही चारही कामं करणारं दुसरं औषध ट्रेमध्ये नाही. एविल-डेक्साचे अँप्यूल फोडून भरण्यात दोन-तीन मिनिटं जातात, आणि तीव्र रिॲक्शनमध्ये १० मिनिटांत प्लाझ्माचा सुमारे ३५ टक्के भाग वाहिन्यांबाहेर झिरपू शकतो. ती दोन-तीन मिनिटं परवडत नाहीत.

आता पातळ करण्याचं. आपल्याकडचा अँप्यूल १ मिलीचा, त्यात १ मिग्रॅ, म्हणजे १:१०००. १० मिलीच्या सिरिंजमध्ये आधी ९ मिली नॉर्मल सलाईन घ्या, मग तो अख्खा अँप्यूल. झालं १:१०,०००, म्हणजे दर मिलीला १०० मायक्रोग्रॅम. ही पहिली सिरिंज. प्रौढ माणसाला शिरेतून ५० मायक्रोग्रॅम, म्हणजे या सिरिंजमधले ०.५ मिली, आणि मागून १०-२० मिली सलाईनचा फ्लश. फ्लश विसरला तर औषध ट्यूबिंगमध्येच बसतं, 'डोसने फरक पडला नाही' असं वाटतं आणि लगेच दुसरा डोस जातो. मग दोन्ही एकदम हृदयात पोचतात.

दुसरी सिरिंज पहिलीतूनच करायची: पहिलीतलं १ मिली अधिक ९ मिली सलाईन, म्हणजे दर मिलीला १० मायक्रोग्रॅम. बीपी उतरलंय पण रुग्ण अगदी कोसळलेला नाही, अशा वेळी १०-२० मायक्रोग्रॅमने सुरुवात करता येते. लहान मुलांनाही हीच सिरिंज लागते.

'अर्धा सीसी द्या' या वाक्यातला धोका पाहा. न पातळ केलेल्या अँप्यूलमधला अर्धा सीसी म्हणजे ५०० मायक्रोग्रॅम. मांडीत स्नायूत दिला तर तो बरोबर डोस आहे. नाडी चालू असलेल्या माणसाच्या शिरेत गेला तर दहापट. त्याने हृदयाचा ठोका भलतीकडे जातो, फुफ्फुसात पाणी होतं, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून आमच्याकडे 'सीसी' हा शब्दच या औषधासाठी बंद आहे. मागणारा मायक्रोग्रॅम सांगतो, भरणारी सिस्टर सिरिंजवरचं लेबल मोठ्याने वाचते, देणारा तोच आकडा पुन्हा उच्चारतो.

डोस दर १-२ मिनिटांनी, बीपी आणि ईसीजी पाहत. तीन डोस लागले की चौथ्याची वाट न पाहता पंप लावा: ३ मिग्रॅ ॲड्रेनलिन ५० मिली सलाईनमध्ये. यात एक सोय आहे. पंप ताशी जितके मिली, तितकेच मायक्रोग्रॅम दर मिनिटाला. ३ पासून सुरू करा आणि बीपीप्रमाणे वाढवा. तोपर्यंत हातावरची चांगली मोठी शीर चालते, सेंट्रल लाइनसाठी थांबू नका. फक्त बीपीचा कफ त्या हाताला नको. तो फुगला की औषध अडतं आणि सुटला की एकदम जातं.

या हिशेबाने २ अँप्यूल कुठेच पुरत नाहीत. दहा ठेवा.

सलाईनचं: प्रौढाला ५०० मिली ते १ लिटर दाबून, लगेच. एकूण २-३ लिटरही लागतं. प्रेशर बॅग ट्रेच्या शेजारी टांगलेली हवी, कपाटात नको. जिलेटिनची कोलॉइड बाटली चालू असेल तर ती काढा, ती स्वतःच कारण असू शकते. ऑक्सिजन १०० टक्के, पाय वर, आणि भुलीचा गॅस कमी करा. पूर्ण बंद नको, रुग्ण जागा होईल.

सिस्टॉलिक (बीपीचा वरचा आकडा) ५० च्या खाली गेलं तर मॉनिटरवर ठोके दिसत असले तरी छाती दाबायला सुरुवात करा. भुलीतल्या ॲनाफिलॅक्सिसवरच्या ब्रिटनच्या २०१८ च्या एनएपी६ पाहणीतली ही शिफारस आहे, आणि ती पटण्यासारखी आहे. रिकामं हृदय विजेने धडधडतं, पण रक्त पुढे ढकलत नाही. कॅप्नोग्राफचा (श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा २० च्या खाली घसरणं हीसुद्धा तीच खूण.

भूल_आणि_कॅप्नोग्राफ

वरच्या सगळ्याशी सहमत. ओळखण्याबद्दल जास्त लिहितो, कारण उशीर तिथेच होतो.

वॉर्डात गांधी उठतात, ओठ सुजतात, रुग्ण स्वतः 'खाज सुटली' म्हणतो. टेबलावर रुग्ण झोपलेला आणि गळ्यापासून पायापर्यंत ड्रेप्सखाली (शस्त्रक्रियेच्या कापडांखाली). एनएपी६ मध्ये जवळजवळ निम्म्या रुग्णांत पहिली खूण होती बीपी उतरणं. त्याखालोखाल श्वासनलिका आवळणं, म्हणजे श्वास देण्याची बॅग दाबताना कडक लागणं. त्वचेला रक्तच पोचत नसेल तर पुरळ उठणार कुठून? बीपी सावरल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी अंग लाल होतं. म्हणून 'चट्टे नाहीत, म्हणजे ॲलर्जी नाही' हे वाक्य ओटीत वापरू नये. ड्रेप मात्र उचलून छाती आणि मांड्या एकदा पाहाव्यात.

बीपी उतरण्याची साधी कारणं रोजचीच: स्पायनल (पाठीच्या कण्यात दिलेली भूल), भुलीचं जास्त प्रोपोफॉल, रक्तस्राव. त्यामुळे हात आपोआप मेफेन्टरमिनकडे (बीपी चढवणाऱ्या औषधाकडे) जातो. दोन डोस दिले, सलाईन सोडलं आणि आकडा हलत नाही, किंवा त्यातच नाडी भरभर चालली आहे आणि बॅग जड लागते आहे, तर मागच्या १० मिनिटांत शिरेतून काय गेलं हे मोठ्याने विचारा. स्पायनलमध्ये रक्तवाहिन्या आधीच सैल असतात, म्हणून तिथे ॲनाफिलॅक्सिस अधिक जोरात कोसळते आणि दोष मात्र स्पायनलला जातो. नाडी मंद आहे म्हणून ॲलर्जी नाही, हाही गैरसमज. थोड्या रुग्णांत नाडी मंदच असते.

वेळेवरून कारण सुचतं. अँटिबायोटिक आणि स्नायू सैल करणारी रॉक्युरोनियम, ॲट्राक्युरियम, स्कोलिन यांची रिॲक्शन बहुधा पहिल्या पाच मिनिटांत येते. लॅटेक्सची अर्ध्या-एक तासाने, ग्लोव्ह्ज पोटात फिरू लागल्यावर. स्तनाच्या शस्त्रक्रियेत गाठ शोधायला टोचलेल्या निळ्या रंगाचीही उशिरा येते, आणि तिथे सॅच्युरेशनचा आकडा रंगामुळेही खोटा कमी दिसतो. शेवटी सैल स्नायू पूर्ववत करायला सुगॅमाडेक्स दिल्यावर येऊ शकते, म्हणजे 'केस संपली' म्हणून सगळे मागे सरकलेले असताना. क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक सगळ्यात जास्त निसटतं, कारण ते कुणी औषध म्हणून लिहीत नाही. ते कॅथेटरच्या जेलमध्ये असू शकतं, काही सेंट्रल लाइनवर लेप म्हणून असतं, त्वचा पुसायच्या द्रावात असतं. लाइन लेपाची निघाली तर ती काढल्याशिवाय रुग्ण सावरत नाही.

मेंढपाळ कुटुंबातला रुग्ण यकृतातल्या हायडॅटिड (परजीवी जंताच्या) गाठीसाठी आला असेल तर गाठ फुटण्याची वेळ आधीच सांगा असं सर्जनना म्हणून ठेवा. आतलं पाणी पोटात सांडलं की हीच अवस्था येते. अशा केसला पहिली सिरिंज भरून, लेबल लावून ठेवलेली बरी.

बॅग जड लागली तर आधी नळी तपासा. कॅप्नोग्राफची रेघ सपाट असेल तर नळी अन्ननलिकेत आहे असंच धरायचं, ॲलर्जीचा विचार त्यानंतर.

सर्जन_हडपसर

सेफ्ट्रिॲक्झोनबद्दल वेगळं मत मांडतो. टेस्ट डोस बंद केली आणि पुढे काही झालं, तर नातेवाईकांचा आणि वकिलांचा पहिला प्रश्न असतो 'टेस्ट केली होती का?'. केसपेपरवर 'एएसटी निगेटिव्ह' (टेस्ट डोसला रिॲक्शन नाही) लिहिलेलं असलं की बचाव होतो. व्यवहारात ती सोडता येत नाही.

भूलतज्ज्ञ_कोथरूड

सर, तुमची अडचण खरी आहे. पण वॉर्डात ती टेस्ट कशी होते ते एकदा पाहा. १ ग्रॅमची व्हायल १० मिलीत विरघळवली की दर मिलीला १०० मिग्रॅ. त्यातलंच ०.१ मिली त्वचेत टोचलं तर ॲलर्जी नसलेल्याच्या त्वचेवरही नुसत्या चुरचुरीने फुगवटा येतो. शेजारी तुलनेसाठी सलाईनचा आणि हिस्टामिनचा कंट्रोल टोचलेला नसतो, १५-२० मिनिटांनी मोजपट्टीने कुणी मोजत नाही. सकाळी सर्दीसाठी सेट्रिझिन घेतलेला रुग्ण असेल तर खरी ॲलर्जीही झाकली जाते. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह, दोन्ही निकाल भरवशाचे राहत नाहीत. आणि खऱ्या ॲलर्जीच्या रुग्णात तेवढं टोचणंही रिॲक्शन आणू शकतं, तेही ओटीबाहेर, मॉनिटरशिवाय. पूर्वी काही झालेलं नाही अशा प्रत्येकाला ही टेस्ट करून काही हाती लागत नाही.

नोंद करायचीच तर इतिहासाची करा. 'पेनिसिलिनची ॲलर्जी' एवढंच लिहू नका. कोणतं औषध, किती वर्षांपूर्वी, गोळी की इंजेक्शन, घेतल्यावर किती वेळाने, गांधी की धाप की नुसत्या उलट्या, दवाखान्यात नेलं का, त्यानंतर तेच औषध पुन्हा घेतलं का. जुलाब झाले किंवा 'उष्ण पडलं' म्हणून ॲलर्जीचा शिक्का बसलेले खूप जण यातून मोकळे होतात. सेफॅझोलिनची बाजूची साखळी पेनिसिलिन आणि इतर सेफॅलोस्पोरिनांपेक्षा वेगळी आहे, त्यामुळे पेनिसिलिनच्या बहुतेक रुग्णांना ते चालतं. अंडं खाऊन पुरळ येतं म्हणून प्रोपोफॉल टाळायला नको, आणि मासे-कोळंबीच्या ॲलर्जीचा बेटाडीनशी संबंध नाही. हे दोन प्रश्न प्री-ऑपला रोज येतात.

आणि वेळ बदला. अँटिबायोटिक भुलीच्या औषधांबरोबर एका दमात देऊ नका. रुग्ण टेबलावर, मॉनिटर लावलेला, पण जागा, अशा वेळी ३-५ मिनिटांत सावकाश द्या आणि मग ५-१० मिनिटं थांबून भूल द्या. चिरेच्या आधीच्या एका तासात ते सहज बसतं. काही झालंच तर रुग्ण स्वतः सांगतो, कारण कोणतं हे उघड असतं आणि शस्त्रक्रिया सुरूच झालेली नसते. कोर्टात सांगायलाही ही नोंद एएसटीपेक्षा भक्कम: मॉनिटर लावून दिलं, वेळ लिहिली, ॲड्रेनलिन हाताशी होतं. सेफ्ट्रिॲक्झोन रिंगर लॅक्टेटच्या लाइनमधून मात्र सोडू नका, कॅल्शियममुळे त्याचे कण बनतात. आधी-नंतर नॉर्मल सलाईनने लाइन धुवा.

ओटी_इन्चार्ज_सिंहगडरोड

खूप मदत झाली. एक शंका. अँटिबायोटिकचा डोस वॉर्डात दिला आणि तिथेच रिॲक्शन आली तर सिस्टरने शिरेतून ५० मायक्रोग्रॅम द्यायचं का? तिथे पंप नाही, ईसीजी नाही.

भूल_आणि_कॅप्नोग्राफ

नाही. वॉर्डात स्नायूत. न पातळ केलेलं १:१०००, प्रौढाला ०.५ मिग्रॅ, मांडीच्या मध्यावर बाहेरच्या बाजूला, सुई सरळ आत. पाच मिनिटांत फरक नसेल तर पुन्हा तेवढंच. दंडात किंवा कमरेवर नको, तिथून शोषण मंद. रुग्णाला आडवं करून पाय वर. धाप असेल तर पाठ थोडी वर, पण उभं करून चालवत ओटीकडे आणू नका, एकदम उठवल्याने हृदय रिकामं पडून बंद पडू शकतं. वॉर्डाचा तक्ता वेगळ्या रंगाच्या कागदावर छापा, ओटीचा वेगळा. ओटीतसुद्धा लाइन निघाली असेल किंवा सिरिंज भरून होईपर्यंत वेळ जाणार असेल तर तोच स्नायूतला डोस द्या.

ट्रेमध्ये आणखी: साल्ब्युटामॉल आणि ते नळीतून द्यायचा जोड, मॅग्नेशियम सल्फेट, नॉरॲड्रेनलिन, आणि फ्रिजमध्ये व्हॅसोप्रेसिन. ॲड्रेनलिनच्या पंपालाही बीपी दाद देत नसेल तर व्हॅसोप्रेसिन २ युनिट, विशेषतः बीपीसाठी रॅमिप्रिलसारख्या गोळ्या घेणाऱ्यांत. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल घेणाऱ्यांत ॲड्रेनलिन नीट चालत नाही, तिथे ग्लुकॅगॉन १ मिग्रॅ शिरेतून सावकाश, लागलं तर पुन्हा. ते महाग आहे आणि ऐन वेळी दुकानात मिळेलच असं नाही. निदान जवळच्या कोणत्या मोठ्या रुग्णालयात मिळतं ते फोन नंबरासकट तक्त्यावर असू द्या.

एविल आणि हायड्रोकॉर्टिसोन ट्रेमधून काढायची गरज नाही, पण वेगळ्या पाकिटात, 'बीपी सावरल्यावर' असं लिहून ठेवा. फेनर्गन नको, ते बीपी आणखी उतरवतं.

लॅब_टिळकरोड

ट्रिप्टेझबद्दल. साधा लाल बल्ब किंवा जेलचा पिवळा, ३-५ मिली रक्त. पहिला नमुना उपचार मार्गी लागले की लगेच, दुसरा रिॲक्शन सुरू झाल्यापासून १-२ तासांनी, कोणत्याही परिस्थितीत ४ तासांच्या आत. तिसरा किमान २४ तासांनंतर, ती त्या माणसाची मूळ पातळी. तिसरा बहुतेक वेळा राहूनच जातो आणि मग पहिल्या दोघांचा अर्थ लागत नाही.

हिशेब असा: मूळ पातळीला १.२ ने गुणा, त्यात २ मिळवा. रिॲक्शनच्या वेळचा आकडा त्याहून जास्त आला तर मास्ट पेशी फुटल्याचा पुरावा. समजा मूळ ४ आहे, तर मर्यादा ६.८. त्या वेळचा नमुना ९ आला तर तो पॉझिटिव्ह, जरी रिपोर्टवर ११.४ पर्यंत नॉर्मल छापलेलं असलं तरी. 'नॉर्मल आहे' म्हणून असे रिपोर्ट फाइलला लागतात, हे थांबायला हवं. उलट आकडा वाढला नाही म्हणून ॲनाफिलॅक्सिस नव्हतीच असंही म्हणता येत नाही. मूळ पातळीच जास्त निघाली तर रुग्णाला मास्टोसायटोसिससाठी (मास्ट पेशी जास्त असण्याच्या आजारासाठी) दाखवा.

रात्री किंवा रविवारी झालं तरी नमुना घ्या. सीरम वेगळं करून २ ते ८ अंशांत फ्रिजमध्ये ठेवलं तर सोमवारी पाठवता येतं. बल्बवर फक्त तारीख नको, घड्याळाची वेळ आणि रिॲक्शन सुरू झाल्याची वेळ दोन्ही हव्यात.

भूलतज्ज्ञ_कोथरूड

लॅब मॅडमनी सांगितलं त्याला जोडून: रुग्ण घरी जाताना पत्र हातात द्या. रिॲक्शनआधीच्या तासाभरात शरीराला लागलेली प्रत्येक गोष्ट, वेळेसकट. ग्लोव्ह्ज, जेल, त्वचा पुसायचा द्राव, हाडाचं सिमेंट, सगळं. त्वचेच्या चाचण्या साधारण ४-६ आठवड्यांनी, कारण लगेच केल्या तर मास्ट पेशी रिकाम्या असल्याने खोट्या निगेटिव्ह येतात. भुलीच्या औषधांच्या चाचण्या करणाऱ्या ॲलर्जी तज्ज्ञाकडेच पाठवा. तोवर यादीतलं काहीच पुन्हा नको. आणि 'भुलीची ॲलर्जी' असं लिहू नका, त्या दोन शब्दांनी पुढच्या भूलतज्ज्ञाला काहीच कळत नाही. औषधाची रिॲक्शन म्हणून फार्माकोव्हिजिलन्सचा (औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदीचा) फॉर्मही भरा, मोफत हेल्पलाइन १८००-१८०-३०२४.

मोठ्या रुग्णालयात हलवायचं असेल तर संध्याकाळी सिंहगड रोडची गर्दी धरून वेळ मोजा. बीपी स्थिर, पंपाची बॅटरी चार्ज, दुसरी भरलेली सिरिंज आणि भूलतज्ज्ञ सोबत असल्याशिवाय गाडीत घालू नका. १०८ ला फोन करताना ॲडव्हान्स लाइफ सपोर्टची गाडी हवी असं स्पष्ट सांगा. तीव्र रिॲक्शननंतर २४ तास आयसीयू, कारण काही तासांनी दुसरी लाट येऊ शकते.

ओटी_इन्चार्ज_सिंहगडरोड

तक्ता असा केला आहे, चुका सांगा:

"मदत बोलवा, वेळ लिहा. संशयित औषध बंद. ऑक्सिजन १०० टक्के. पहिली सिरिंज (१ मिलीत १०० मायक्रोग्रॅम): ५० मायक्रोग्रॅम = ०.५ मिली शिरेतून, फ्लश. सलाईन १ लिटर दाबून. दर १-२ मिनिटांनी पुन्हा. तीन डोसनंतर पंप, ३ मिग्रॅ ५० मिलीत. सिस्टॉलिक ५० च्या खाली: छाती दाबा. सिझेरियन: पोट डावीकडे ढकला. सावरल्यावर: ट्रिप्टेझ, एविल-हायड्रोकॉर्टिसोन."

बालभूल_औंध

सिस्टर, तक्ता चांगला आहे. दोन गोष्टी घाला. नाडीच थांबली तर डोस वेगळा: प्रौढाला १ मिग्रॅ, म्हणजे पहिली अख्खी सिरिंज. हे वेगळ्या चौकटीत, लाल अक्षरांत.

दुसरं मुलांचं. शिरेतून दर किलोला १ मायक्रोग्रॅम, म्हणजे दुसऱ्या सिरिंजमधलं (१ मिलीत १० मायक्रोग्रॅम) दर किलोला ०.१ मिली. १५ किलोच्या मुलाला १.५ मिली. स्नायूत: ६ वर्षांखाली १५० मायक्रोग्रॅम, ६ ते १२ वर्षांत ३००, त्यापुढे ५००. सलाईन दर किलोला १०-२० मिली. मुलाच्या केसला पहिली सिरिंज ट्रेमध्ये उघडी ठेवूच नका, दुसरी भरून झाली की ती बाजूला काढा. रिॲक्शन आल्यावर कुणी वजन गुणत बसू नये. सकाळी लिस्ट लागली की ओटीतल्या पांढऱ्या फळ्यावर मुलाचं वजन आणि त्यासमोर मिलीचा आकडा लिहून ठेवा, आणि भूलतज्ज्ञ आले की त्यांच्याकडून तो तपासून घ्या.